आजेसासूबाईंच्या गुलाबी गोळ्या आणि लेकीचं ८.४ हिमोग्लोबिन

प्रश्न : ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. जुन्या घराचा माळा रिकामा करताना आजेसासूबाईंची पत्र्याची पेटी सापडली. तीत 'डॉ. विल्यम्स पिंक पिल्स' अशी चिठ्ठी असलेली एक छोटी रिकामी बाटली आणि रक्तवाढीच्या औषधांच्या कापून ठेवलेल्या जाहिराती निघाल्या. सासूबाई (वय ६९) सांगतात की आजेसासूबाई बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळल्या होत्या आणि या गोळ्यांनी पुन्हा रानात जायला लागल्या. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, सांगलीला एसटीने कॉलेजला जाते. तिचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. ग्रामीण रुग्णालयातून लाल गोळ्या मिळाल्या, पण मळमळ होते आणि संडास काळी होते म्हणून तिने आठ दिवसांत सोडल्या. आमच्या नात्यातल्या एक बाई रक्तवर्धक सिरप आणि पावडरीचा संच विकतात, १,८०० रुपयांना. सासूबाई म्हणतात, जुनी औषधंच खरी, हे सिरप तसंच आहे, मलाही एक बाटली आण. त्यांना मधुमेहाची आणि गुडघेदुखीची गोळी चालू आहे. संच घ्यावा का? मी ४४ वर्षांची आहे. माझंही अंग मोडून येतं, पाळी वर्षभरापासून नऊ-दहा दिवस जाते, पण ते कामामुळे असेल.

उत्तर :

ताई, सासूबाई सांगतात ते खोटं समजू नका. आजेसासूबाईंना त्या गोळ्यांनी खरोखर बरं वाटलं असणं अगदी शक्य आहे, कारण त्या गोळ्यांत लोह होतं.

ही युक्ती डॉ. विल्यम्स नावाच्या कुणाची नव्हतीच. १८३२ च्या सुमारास ब्लॉड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणि पोटॅशियम कार्बोनेट एकत्र करून गोळी बनवली होती आणि फिकट, धाप लागणाऱ्या तरुण मुलींना ती देऊन गुण येतो हे दाखवलं होतं. युरोपातला कुठलाही औषधविक्रेता ती गोळी स्वस्तात करून देई. पुढे १८९० मध्ये कॅनडातल्या ब्रॉकव्हिल गावच्या जॉर्ज फुलफर्ड या व्यापाऱ्याने एका डॉक्टरकडून तशाच गोळीचे हक्क ५३ डॉलर १ सेंटला विकत घेतले, तिला गुलाबी रंग दिला, छानसं नाव दिलं आणि जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओतला. त्यातून तो गडगंज झाला आणि गोळ्या जगभर गेल्या. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून निष्कर्ष छापले. गुलाबी गोळीत सापडलं ते हिराकस, पोटॅशियम कार्बोनेट, थोडा मॅग्नेशिया, ज्येष्ठमध आणि साखर. ३० गोळ्यांच्या डबीची किंमत होती २ शिलिंग ९ पेन्स. आतल्या मालाची किंमत त्यांनी काढली एका पेनीचा दहावा भाग.

म्हणजे औषध खरं होतं, पण लोकांना लुबाडून विकलेलं. त्याहून वाईट गोष्ट जाहिरातीत होती. तुमच्याकडची कात्रणं नीट वाचा. फिकटपणा आणि थकवा यांच्याबरोबर लकवा, संधिवात, कंबरेपासून पायात उतरणारी कळ, हातपाय आपोआप हलण्याचा आजार, सगळं या एकाच गोळीने बरं होतं, असे त्यांचे दावे असत. जाहिरात बातमीसारखी छापायची, अमुक गावचा माणूस मरणाच्या दारातून कसा परत आला याची गोष्ट सांगायची, ही पद्धत याच कंपनीने घट्ट रुजवली. रक्त कमी असलेल्या मुलीला गोळी लागू पडायची. तिचा अनुभव खरा असायचा आणि त्या खऱ्या अनुभवाच्या भरवशावर लकव्याच्या माणसालाही गोळी विकली जायची. तो बिचारा महिनोन्महिने डब्या संपवत बसायचा.

गुलाबी गोळी त्या काळात त्यातल्या त्यात बरीच म्हणायची. इतर बाटल्यांचं काय सांगू! ईस्टन्स सिरप नावाचं टॉनिक डॉक्टरसुद्धा लिहून देत. त्यात लोह आणि क्विनीनबरोबर स्ट्रिक्निन असे, म्हणजे कुचल्यातलं विष. फाउलरचं द्रावण हे तर सोमलाचं, म्हणजे आर्सेनिक या विषाचं पाणी होतं, आणि तेही अशक्तपणावर थेंबाथेंबाने दिलं जाई. १८७५ पासून अमेरिकेत बायकांच्या सगळ्या तक्रारींवर विकलं जाणारं लिडिया पिंकहॅमचं मिश्रण सुमारे १८ टक्के अल्कोहोलचं होतं. ज्या बायका दारूच्या बाटलीला हात लावणार नाहीत, त्या हे चमच्याने घेत आणि अर्ध्या तासात तरतरी आली म्हणत. ती तरतरी अल्कोहोलची असायची, रक्ताचा एक थेंबही त्याने वाढत नव्हता. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हा अल्कोहोल असलेल्या औषधांचं काय करायचं, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५१ च्या बलसारा खटल्यात न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या अशा वस्तूंपुरत्या कायद्यातल्या काही तरतुदी रद्द ठरवल्या. टॉनिकातलं अल्कोहोल ही तेव्हा किती नित्याची गोष्ट होती, हे त्यावरून कळेल.

मग बायका हे का घेत होत्या? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आजेसासूबाईंच्या काळात खेड्यातल्या बाईला डॉक्टर दाखवायचा तर गाठायचं कुठे? मिरजेला डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होतं, आणि लांबलांबून माणसं बैलगाडीने, आगगाडीने तिथे यायची. पण 'मला थकवा येतो' एवढ्यासाठी घरातल्या सुनेला कोण मिरजेला नेणार? हिमोग्लोबिन मोजायची सोय गावात नव्हतीच. पोस्टमन मात्र गावात येई आणि व्ही. पी. ने औषध येई. 'तुम्ही फिकट दिसता का? जिना चढताना दम लागतो का?' असं जाहिरात विचारायची. घरात जे कुणी विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं. म्हणून ती कात्रणं जपून ठेवली गेली, असं मला वाटतं. त्या बाईला भोळी म्हणायचा मला अजिबात धीर होत नाही. तिने जमवलेल्या पैशातून जे मिळण्यासारखं होतं, ते मिळवलं.

गोळी एक गोष्ट करू शकत नव्हती: रक्त कुठे चाललंय, हे शोधणं. अनवाणी ओल्या मातीत काम करणाऱ्या माणसाच्या तळपायातून अंकुशकृमी शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रोज रक्त पितो. एक कृमी अगदी थोडं रक्त पितो, पण शेकडो कृमी वर्षानुवर्षं पीत राहिले तर धडधाकट माणूस पांढराफटक पडतो. वर पाठोपाठची बाळंतपणं आणि हिवताप. शिवाय काही वेळा रक्त कमी असण्याचं कारण लोह नसतंच. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, ती गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या ॲनिमियाचा शोध घ्यायला. सातारा-सांगलीकडून घाट उतरून किती घरं गिरणगावात गेली होती, हे तुम्हाला सांगायला नको. तिच्या लक्षात आलं की यातल्या एका प्रकारच्या ॲनिमियाचं मूळ निकृष्ट आहारात आहे आणि त्या बायका यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या साध्या खाण्याच्या पदार्थाने सुधारतात. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड. पुढे १९४५ मध्ये आपल्या आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केलं. तुमच्या मुलीने सोडलेल्या लाल गोळीत लोहाबरोबर तेच फॉलिक ॲसिड आहे. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. ज्या बायकांवर हा शोध लागला, त्यांच्याच मुलखातली मुलगी ती गोळी टाकून १,८०० रुपयांचं सिरप घेणार असेल तर मला वाईट वाटेल.

संच घेऊ नका, हे स्पष्ट सांगते. सिरपचं लेबल पाहा. 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती मिलिग्रॅम, हे लिहिलंय का? लिहिलं नसेल आणि नुसतं 'बीट, डाळिंब, खजूर यांचा अर्क' असं असेल, तर लोहाच्या हिशेबाने ते सरबत आहे. डाळिंब आणि बीट लाल असतात म्हणून रक्त वाढवतात, ही समजूत आहे. दोन्हींत लोह जेमतेम असतं. सुटी पावडर तर घरात आणूच नका. लोहभस्म किंवा मंडूर अशी लोहाची आयुर्वेदिक औषधं घ्यायची असतील तर ती पदवीधर वैद्यांच्या देखरेखीखाली, परवाना क्रमांक छापलेल्या डबीतलीच घ्या. कुणी कशी केली ते माहीत नसलेल्या भस्मात शिसं असू शकतं, आणि शिसं स्वतःच रक्त तयार होण्याची क्रिया रोखतं. रक्तवाढीचं औषध घेऊन रक्त घटलं, असं त्यातून होतं.

आता मुलीचा हिशेब मांडते, म्हणजे तिला गोळी का हवी हे तिलाच पटेल. तिचं वजन ४५ किलो धरू. ८.४ वरून १२ च्या पुढे जायचं आणि शरीरातला रिकामा साठा भरायचा, तर साधारण ८०० ते ९०० मिलिग्रॅम लोह आत जायला हवं. ६० मिलिग्रॅमच्या गोळीतलं अंगी लागतं दहा-पंधरा टक्के, म्हणजे रोज सहा ते नऊ मिलिग्रॅम. म्हणून गोळ्या तीन ते पाच महिने लागतात, आठ दिवसांत काहीच होत नाही. नुसत्या जेवणातून ही तूट भरायची म्हटलं तर दोन-तीन वर्षंही पुरणार नाहीत, कारण पाळीतून दर महिन्याला लोह जातच राहतं.

काळी संडास हा लोहाचा रंग आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळीवर उपाय आहेत. उपाशीपोटी सोसत नसेल तर रात्री जेवल्यावर झोपताना घ्यायची. गोळीबरोबर लिंबूपाणी घेतलं तर लोह चांगलं शोषलं जातं. चहा मात्र गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास नको. सकाळी स्टँडवर चहा-खारी आणि त्याच्यावरच गोळी, असं चाललं असेल तर बरीचशी गोळी वाया गेली. तरीही त्रास झाला तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. अलीकडच्या अभ्यासांत असं दिसलंय की एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतला रोजच्यापेक्षा जास्त वाटा शोषला जातो. तेव्हा गोळी सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. जंताची अल्बेंडाझोलची गोळीही तिला द्या. १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना ती १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी मोफत मिळते, आणि एरवीही आरोग्य केंद्रात मिळते.

महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. गोळी नीट घेतली जात असेल तर ते एकाने तरी वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळ्या दुप्पट करत बसू नका. रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी-१२ आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या माणसाचं रक्त जन्मतःच थोडं कमी दिसतं, आणि त्याला गरज नसताना लोह भरत राहणं चुकीचं आहे. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं तरी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या, कारण साठा सगळ्यात शेवटी भरतो. मधल्या काळात बसल्या जागी धाप लागली, छातीत धडधडलं, पायांवर सूज आली तर वाट न बघता दवाखाना गाठा. तिची पाळी किती दिवस जाते, किती कपडे किंवा पॅड लागतात, हेही तिला शांतपणे विचारा. मुली सांगत नाहीत.

जेवणाबद्दल तुमच्या घरात फार शिकवावं असं नाही. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मोड आलेली मटकी, राजगिऱ्याची आणि माठाची भाजी, हळिवाचे लाडू, हे सगळं चांगलंच आहे. फक्त वर लिंबू पिळा. भाजी लोखंडी कढईत करा. मांसाहार करत असाल तर आठवड्यातून एकदा काळीज चालेल, त्यातलं लोह शरीर सहज घेतं. तासगावचे बेदाणे खा, आवडीने खा, पण मूठभर बेदाण्यांनी ८.४ चे १२ होतील अशी आशा धरू नका. गोळ्यांची पाकिटं लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा. मोठ्यांचं हे औषध चिमुरड्याच्या पोटात एकदम गेलं तर जिवावर बेततं.

सासूबाईंना बाटली आणू नका, त्यांना तपासणीला न्या. थकवा म्हणजे रक्त कमी, हे समीकरण जाहिरातींनी आपल्या डोक्यात घातलंय. अमेरिकेत १९५० नंतर जेरिटॉल नावाच्या टॉनिकाने 'थकलेलं रक्त' असा शब्दच काढून टीव्हीवर धुमाकूळ घातला होता. शेवटी तिथल्या व्यापार आयोगाने सांगितलं की बहुतेक थकलेल्या माणसांचा थकवा लोहाच्या कमतरतेचा नसतो आणि जाहिरातीत हे कबूल केलं पाहिजे. १९६७ मध्ये न्यायालयानेही आयोगाचं म्हणणं उचलून धरलं. सासूबाईंची मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन असेल तर ती वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, तेव्हा ते तपासा. साखर, थायरॉइड आणि किडनी यांचीही तपासणी हवी. गुडघ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांनी पोटात हळूहळू रक्तस्राव होतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. या वयात लोह कमी निघालं तर ते कुठून जातंय हे शोधल्याशिवाय नुसतं टॉनिक देणं धोक्याचं आहे, कारण कधीकधी त्यामागे आतड्याचा मोठा आजार असतो आणि टॉनिकाच्या नादात वेळ निघून जातो.

आणि आता तुम्ही. एवढ्या लांब पत्रात स्वतःबद्दल शेवटी दोन ओळी, आणि त्यातही 'कामामुळे असेल' असं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. नऊ-दहा दिवस पाळी, तीही वर्षभर, ही कामामुळे होत नाही. गर्भाशयातल्या गाठी असू शकतात, थायरॉइड असू शकतो, हार्मोनचा बिघाड असू शकतो, आणि या वयात गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची तपासणी करणंही गरजेचं ठरू शकतं. तुमचं हिमोग्लोबिन मुलीपेक्षा कमी असलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे. जाण्याआधी मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, रोज किती पॅड लागले आणि गाठी पडल्या का, हे एका कागदावर लिहून न्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी करून घ्या. कुणी पहिल्याच भेटीत 'पिशवी काढून टाका' म्हणालं तर लगेच हो म्हणू नका, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी आहे, आणि अनेक बायकांचं ऑपरेशनशिवाय भागतं. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली असली तरी ही तारीख पुढे ढकलू नका. १,८०० रुपये संचासाठी काढून ठेवले असतील तर तेच घेऊन याच आठवड्यात मुलीला सोबत घेऊन निघा, दोघींचीही रक्ततपासणी एकाच फेरीत होईल.